मोठ्या बाईंची हवा

मोठ्या बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो नावाचा नव्हता, गावाचा नव्हता, जातीचा तर नव्हताच. माझ्या हातातल्या छत्रीकडे बघून त्या म्हणाल्या, "ही कशाला आणलीत?"

मी पनवेलला मुलींच्या शाळेत नव्यानंच लागले होते आणि राहायला खोली शोधत होते. श्रावण चालू होता. मी म्हटलं, "पाऊस आला तर असावी म्हणून."

"आज मंगळवार. आज पाऊस नाही. बाहेर पाटी टांगलीय, ती वाचली नाहीत?"

मी मागं वळून पाहिलं. ओट्याच्या खांबाला एक लहानसा फळा टांगला होता. त्यावर खडूनं, गोल, वळणदार अक्षरांत आठवड्याची हवा लिहिलेली होती. सोमवारी सरी. मंगळवारी ऊन. बुधवारी सकाळी ऊन, दुपारी मनस्ताप.

"मनस्ताप म्हणजे?"

"म्हणजे पाऊस पडणार नाही आणि ऊनही पडणार नाही, नुसतं कोंदट होईल. पनवेलला राहायचं तर हा शब्द पाठ करून ठेवा. खोली वर आहे. खिडकी खाडीकडे उघडते. मी सांगेन तेव्हा ती लावून घ्यायची."

झालं. खोली मिळाली. संध्याकाळी मी ट्रंक आणि वळकटी घेऊन टांग्यातून निघाले. छत्री वळकटीत बांधून टाकली होती, कारण एवढ्या ठामपणे सांगणाऱ्या बाईंच्या घरी पहिल्याच दिवशी छत्री घेऊन जाणं मला बरं दिसेना. टपाल नाक्याशी टांगा आला आणि वरून जो काही पाऊस कोसळला, त्यात मी, ट्रंक, टांगेवाला आणि घोडा, सगळे सारखेच भिजलो.

मोठ्या बाई दारात पंचा घेऊनच उभ्या होत्या. "डोकं पुसा. चुकलं," असं त्या म्हणाल्या. पाहुण्याला आपण 'बसा' म्हणतो ना, तितक्या सहजपणे. मग त्यांनी कोनाड्यातला खडू उचलला, ओट्यावर गेल्या आणि मंगळवारच्या शेजारी लिहिलं, 'चूक. पाऊस आला.' जाणाऱ्या-येणाऱ्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं आणि आत येऊन माझ्यासाठी चहा टाकला.

पुढं मी त्यांच्याकडे काही वर्षं राहिले. त्या अनुभवावरून सांगते, त्या चुकत त्यापेक्षा बरोबर जास्त येत; पण फार जास्त नाही.

वय तेव्हा साठीच्या आसपास असेल. उंच, काटक, सुती नऊवारी, डोक्यावर पदर, आणि आवाज असा की रस्त्यापलीकडचा माणूसही हातातलं काम सोडून उभा राहायचा. गावातल्या मुलींच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या, म्हणून मोठ्या बाई. पनवेलमधल्या निम्म्या लेकीसुना त्यांच्या हाताखालून गेलेल्या. कोवळ्या वयात वैधव्य आलं, मग शिकल्या, नोकरी केली, आणि निवृत्त होता होता स्वतःच्या कमाईचं कौलारू घर बांधलं. यातलं एक अक्षर त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ते गाव सांगे. त्या फक्त हवा सांगत.

त्यांच्यासमोर 'अंदाज' हा शब्द काढायची सोय नव्हती. "अंदाज मिठाचा घेतात. मी हवा सांगते." गुडघे दुखायला लागले म्हणजे पाऊस येणार, असं शेजारच्या काकू म्हणाल्या, तर त्यांना म्हणाल्या, "गुडघ्यावर विश्वास ठेवू नका. गुडघा बाराही महिने पाऊसच सांगतो." रेडिओचाही त्यांना राग होता. तो मुंबईची हवा सांगतो, तिचा पनवेलशी काय संबंध? आणि यात तथ्य होतं. आमच्याकडे एका बाजूला प्रबळगड आणि माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. बंदरावर लख्ख ऊन असायचं आणि वडाळे तलावाशी पाऊस. एकाच गावात एकीच्या पापडांना खडखडीत ऊन मिळे आणि चार घरं सोडून दुसरीची मिरची भिजून जाई. आठवड्यात हवा इतके रंग बदलायची की मोठ्या बाईंना नेहमीचे शब्द पुरत नसत. डोंगराकडून गाजावाजा करत येणारा आणि गावाच्या वेशीवरूनच परत फिरणारा पाऊस म्हणजे 'पाहुणा पाऊस'. बंदरावरून सुक्या मासळीचा वास आणून बामणआळीत पोचवणारा वारा 'चहाडखोर'. थंडीत गाढी नदीवरून धुकं उठायचं आणि दहा वाजेपर्यंत समोरचं घर दिसायचं नाही. त्या दिवशी पाटीवर 'घुंगट' एवढंच लिहिलेलं असे. कोणी अर्थ विचारला की मास्तरीणबाई जाग्या होत. मग समोरचा माणूस भाजी घ्यायला निघालेला असो की एस्टी पकडायला, ओट्यावर उभं राहून त्याला वाऱ्याचा पूर्ण धडा ऐकावा लागे.

रोज सकाळी त्या बंदरावर जात. धक्क्यावर उभं राहून कर्नाळ्याच्या सुळक्याकडे बघत, पदर थोडा सैल सोडून वारा कुठला ते पाहत, आणि मग हसनमियाँशी भांडत. हसनमियाँ मचव्याचे तांडेल. पनवेलहून उरणला आणि मुंबईला माल नेत, माणसंही नेत. दाढी पांढरी झालेली, आयुष्य खाडीत गेलेलं. त्यांना मोठ्या बाईंच्या पाटीची गंमत वाटे.

"बाई, आज काय हुकूम आहे आसमानला?"

"आज दुपारनंतर वारा पडेल. शीड घेऊन बसाल खाडीत."

"वारा पडला तर वल्ही आहेत. तुमची पाटी पडली तर काय आहे?"

"खडू आहे," मोठ्या बाई म्हणत.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, हे सगळं कशासाठी? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं की जेवता कशासाठी. "सगळं गाव सकाळपासून 'काय ही हवा!' म्हणत असतं. ती काय आहे, हे कोणीतरी सांगायला नको?"

मी नंतर पेणला बदलून गेले. माघातल्या एका सोमवारी मोठ्या बाई गेल्याचा निरोप तिथं आला. सकाळी आठवड्याची हवा लिहून झाली, चहा घेतला आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. पाटी पुसायचा कोणाला धीर झाला नाही. तो आख्खा आठवडा जसा लिहिला तसाच आला, असं पनवेलमध्ये अजून सांगतात. मला ते खरं वाटत नाही. एवढं सलग बरोबर त्यांना कधीच आलं नव्हतं, आणि त्या असत्या तर त्यांनीच ती अफवा मोडून काढली असती.

त्या कशा होत्या, हे सांगायचं तर मला हिराबायचं मीठ आणि तिच्या मुलीचं लग्न सांगावं लागेल.

हिराबाय आणि तिचा नवरा बाळाराम खाडीच्या काठच्या गावातले. त्यांचं मिठागर होतं. हिराबाय आठवड्याच्या बाजाराला मिठाची पाटी डोक्यावर घेऊन यायची आणि आधी आमच्या ओट्यावर टेकायची. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्या बाई तिला हवा तोंडी सांगत. त्या वर्षी हिराबायची घाई चालली होती. मुलगी यमुना उरणकडच्या एका घरात दिली होती, लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं, आणि ते सगळं उभं राहायचं होतं त्या मोसमातल्या मिठावर.

चैत्र संपत आला होता. ऊन असं की मिठागराकडे बघवत नसे. हिराबाय म्हणाली, "मोठे बाय, मिठाची रास घातली हाय. गवत टाकून झाकू का? आमचा मानूस म्हनतो झाक."

"नको. आत ओल राहील. हा आठवडा कोरडा आहे. वाळू दे चांगलं."

"नक्की ना?"

"मी सांगते ना."

हिराबायनं झाकलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी माथेरानच्या बाजूनं काळं आभाळ चालून आलं. वळीव यायला तासभरसुद्धा लागला नाही. विजा, वारा, आणि पाण्याचे असे लोंढे की आमच्या ओट्यावर पाणी चढलं. मी शाळेतून कशीबशी घरी आले तर मोठ्या बाई खिडकीशी उभ्या होत्या. पाटीवर अजून काही लिहिलं नव्हतं. त्या खाडीच्या दिशेनं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मिठागरावर निघाल्या. मीही गेले. रास जिथं होती तिथं एक करडा, बसका उंचवटा राहिला होता, पावसानं वरून खाऊन टाकलेला. वाफ्यांत गोडं पाणी भरलं होतं आणि खालची जमीन चिखल होऊन बसली होती. हिराबाय बांधावर बसली होती. आम्हाला बघून उठली नाही.

"गेला मीठ, बाय," ती म्हणाली. "सगला गेला."

बाळारामनं पाठ फिरवली आणि बांध फोडून वाफ्यातलं पाणी काढायला लागला.

मोठ्या बाईंनी सबबी सांगितल्या नाहीत. वळीव आधी कळत नाही, हे त्यांना म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं. त्या म्हणाल्या, "मी चुकले. माझ्यावर विसंबलीस म्हणून हे झालं. आता पुढं काय करायचं असतं?"

"पानी काढायचा, मग जमीन तुडवायची, मग नवा पानी घ्यायचा," यमुना म्हणाली. ती विशीच्या आतबाहेरची, सडपातळ मुलगी, पदर खोचून तयारच उभी होती.

मोठ्या बाईंनी चपला काढल्या. नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि वाफ्यात उतरल्या.

"अवो, नको!" हिराबाय धावली. "तुमी मास्तरीण. तुमच्या पायांना जमनार नाय ह्ये."

"माझ्या जिभेला जमलं, आता पायांनाही जमेल."

मला वाटलं, दोन घटका करतील आणि थांबतील. त्या थांबल्या नाहीत. वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावा लागतो, नाहीतर मिठात माती येते. कमरेवर हात ठेवून, एका ओळीत, मागं-पुढं पाय टाकत बायका तुडवत असतात. मोठ्या बाई यमुनाच्या शेजारी त्या ओळीत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्याही. मिठाच्या चिखलानं टाचा चिरतात. संध्याकाळी त्या घरी येऊन पाय कोमट पाण्यात बुडवून बसत, मी खोबरेल तेल चोळून देई आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर दोघीही दुसरीकडे बघत असू. गावात चर्चा झाली. मोठ्या बाईंच्या एक-दोन माजी विद्यार्थिनी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, हे तुम्हाला शोभत नाही." त्यांना उत्तर मिळालं, "शोभतं का ते मीठ पिकल्यावर बघू."

नवीन मीठ धरलं. आधीसारखी रास झाली नाही, पण पाऊस सुरू व्हायच्या आत लग्नापुरतं झालं. तेवढ्या दिवसांत यमुना आणि मोठ्या बाई एकमेकींशी फार बोलल्या असतील असं नाही. पण यमुना आता ओट्यावर आली की आईसारखी पायरीवर बसायची नाही, आत येऊन माठातलं पाणी आपल्या हातानं घ्यायची.

वळवानंतरच्या सोमवारी आमच्या आळीचं सगळं लक्ष पाटीकडे होतं. मोठ्या बाई आता लिहिणं सोडतील, असं बऱ्याच जणांना वाटलं होतं. त्या नेहमीच्या वेळेला बाहेर आल्या आणि आठवड्याची हवा लिहिली. खाली फक्त एक ओळ जास्त होती : 'पाटी वाचा, आणि आभाळाकडेही बघा.' शेजारच्या काकूंनी विचारलं, "एवढं झाल्यावरही?"

"पोळी करपली म्हणून कोणी चूल विझवत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर आलं. मुहूर्त शनिवारचा, नवऱ्याच्या दारात. वऱ्हाड शुक्रवारी सकाळी ओहोटीबरोबर हसनमियाँच्या मचव्यानं उरणला जाणार, आणि शनिवारी लग्न लागून जेवणं झाली की दुपार कलल्यावर भरतीबरोबर परत येणार, असं ठरलं होतं. आम्हा दोघींनाही आवतण होतं. शाळेला सुट्टी होती. मी नवी साडी घडी मोडून नेसले आणि खाली आले, तर मोठ्या बाई ओट्यावर उभ्या राहून आभाळाकडे बघत होत्या.

"ही हवा बरोबर नाही," त्या म्हणाल्या.

मला तर ती छान वाटत होती. निळं आभाळ, वर खूप उंचावर पांढरे, फणीनं विंचरल्यासारखे ढग. फक्त कार्तिक असून थंडी नव्हती. वारा अंगाला कोमट लागत होता.

बंदरावर वऱ्हाड मचव्यात चढत होतं. सनईवाला येऊन बसला होता. बायका फुलं माळून, मुलं कडेवर घेऊन चढत होत्या. यमुना हळदीच्या अंगानं मध्यभागी बसली होती. मोठ्या बाई फळीवरून आत गेल्या, सगळ्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उतरा सगळे. आज दुपारी वादळ आहे."

सनई थांबली.

"बाई," हसनमियाँ हसत म्हणाले, "शादीचा मौका आहे. आज मस्करी नको."

"मी मस्करी करत नाही. वारा बघा. या महिन्यात तो उत्तरेचा असायला हवा. हा दक्षिणेचा आहे आणि कोमट आहे. ते ढग बघा."

"असला वारा मी आयुष्यात चार दफा पाहिलाय. तीन दफा काही झालं नाही."

"आणि चौथ्या दफा?"

हसनमियाँनी शिडाची दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "ते समुंदरात होतं. ही खाडी आहे. इन्शाल्ला दुपारपर्यंत मी पोचवतो. पण ओहोटी लागलीय, बाई. पाणी माझ्यासाठी थांबत नाही."

वऱ्हाड न्यायला उरणहून नवऱ्याचा काका आला होता. तो पुढं झाला. "हीच ना ती बाय? हिच्याच सांगन्यानं मीठ गेला ना? आता लगीन घालवायला आली!"

हिराबायचा चेहरा उतरला. कोणीतरी हसलं. मला वाटलं, आता मोठ्या बाईंचा तो आवाज चढेल. पण त्या शांतपणे बोलल्या. "हो, मीच ती. मीठ माझ्यामुळे गेलं. म्हणूनच इथं उभी आहे. मीठ पुन्हा पिकलं. माणसं पुन्हा पिकत नाहीत."

आणि त्या मचव्याच्या मधल्या फळीवर मांडी घालून बसल्या. "मला उचलून बाहेर टाका आणि खुशाल जा."

त्यांना उचलणार कोण? मचव्यातल्या बायका हिराबायकडे बघायला लागल्या, हिराबाय बाळारामकडे, आणि बाळाराम पाण्याकडे. काका ओरडत होता की मुहूर्त जाईल, तिकडं लोक धक्क्यावर वाट बघत असतील, दोन्ही घरांची शोभा होईल. बाई एकदा चुकली होती, आणि त्या चुकीनं काय झालं होतं ते हिराबायइतकं कोणाला माहीत होतं?

तेवढ्यात यमुना उठली. मुंडावळ्या एका हातानं सावरल्या, मचव्याच्या काठावर पाय ठेवला आणि धक्क्यावर उतरली.

"मी गाडीनं जाईन," ती म्हणाली.

"अगो, पन..." हिराबाय म्हणाली.

"मोठी बाय माझ्या संगती चिखल तुडवायला होती, आये. तवा ह्यांच्यातला कोन होता?"

नवरीच उतरली म्हटल्यावर बाकीच्यांना बसून राहता येईना. वऱ्हाड ज्या बैलगाड्यांतून बंदरावर आलं होतं, त्या अजून उभ्याच होत्या. माणसं गाड्यांत बसली. भांडीकुंडी, रुखवत, पाट आणि रागावलेला काका एवढं हसनमियाँबरोबर मचव्यातून गेलं.

तो प्रवास मी विसरणार नाही. उरणचा रस्ता तेव्हा खड्ड्यांचा. धूळ उडून बायकांच्या नव्या लुगड्यांचे रंग ओळखू येईनात. मुलं रडून रडून झोपली. आणि आभाळ? आभाळ निळंभोर. ढगसुद्धा विरून गेले. मोठ्या बाई पहिल्या गाडीत ताठ बसल्या होत्या. मी भीत भीत म्हटलं, "ऊन चांगलं पडलंय."

"दिसतंय मला."

जासईच्या पुढं एका विहिरीवर बैलांना पाणी पाजलं. मागच्या गाड्यांतून कुजबुज ऐकू येत होती. यमुना आईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि कोणाकडे बघत नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मंडपाच्या तोंडाशी हसनमियाँ खाटेवर बसून चहा पीत होते. ते केव्हाच पोचले होते. "या, या. तुफान कुठं सोडून आलात, बाई?"

सगळा मांडव हसला. मोठ्या बाई गाडीतून उतरल्या, साडीवरची धूळ झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चुकले." मग प्यायला पाणी मागितलं.

नवऱ्याचा बाप मात्र हसला नाही. त्याच्या पाहुण्यांसमोर त्याची फजिती झाली होती. तो हिराबायला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमची ही बाय उद्या मांडवात नको. एक तर बोडकी, त्यात असा तोंड."

मोठ्या बाई जवळच होत्या. त्यांनी ऐकलं. मी त्यांचा हात धरला.

हिराबाय वाटभर एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली. "ती नाय तर मी पन नाय. पोरीला घेऊन तशीच मागारी जाईन. गाड्या जुपलेल्या हायेत." व्याही तिच्याकडे बघत राहिला आणि मग निघून गेला.

शनिवारी लग्न लागलं. धवलारीण म्हातारी होती, पण गळा खणखणीत. तिनं धवळे गात गात सगळे विधी करून घेतले. मोठ्या बाई मांडवात, मागच्या खांबाशी बसल्या होत्या. जेवणं झाली. मचव्यानं निघायचं असतं तर आता आम्ही धक्क्यावर असतो. पण हिराबाय मोठ्या बाईंसाठी तशी उभी राहिल्यावर मचव्याचा विषय आता कोण काढणार? आणि बैल आदल्या दिवशी एवढे दमले होते की त्यांना लगेच जुंपणं शक्य नव्हतं. रविवारी निघू, असं बाळारामनं ठरवलं. एकट्यानं रिकामा मचवा नेण्यापेक्षा हसनमियाँही थांबले, आणि जेवण अंगावर येऊन मांडवातच लवंडले.

आधी वारा पडला. मांडवाची तोरणं जिथल्या तिथं लटकून राहिली. मग दक्षिणेकडचं आभाळ पिवळट, मळकट झालं, आणि समुद्राचा आवाज, जो तिथपर्यंत एरवी येत नसे, तो यायला लागला. "आत चला! घरात!" मोठ्या बाईंचा आवाज मांडवभर घुमला. या वेळी कोणी कारण विचारलं नाही. निम्मी माणसं घरात शिरेपर्यंत वाऱ्यानं मांडव मुळासकट उचलला आणि समोरच्या शेतात नेऊन टाकला. कौलं पत्त्यांसारखी उडाली. पाऊस आडवा येत होता. आम्ही माजघरात, ओटीवर, धान्याच्या कणगीमागं, जागा मिळेल तिथं दाटीवाटीनं बसलो. छपरातून धारा लागल्या होत्या.

हसनमियाँ मचवा बघायला धक्क्यावर धावले होते. परत आले तेव्हा त्यांची पगडी नव्हती आणि कपाळावर खरचटलं होतं. दाराशी टेकून उभे राहिले. "डोलकाठी मोडली," ते म्हणाले. "धक्क्याला बांधलेला होता तरी मोडली." मग थोडं थांबून म्हणाले, "ह्या वक्ताला आपण सगळे खाडीच्या मधोमध असतो, बाई."

बायकांनी आपापली मुलं जवळ ओढली. नवऱ्याचा बाप गर्दीतून वाट काढत आला आणि मोठ्या बाईंसमोर हात जोडून उभा राहिला.

"हात खाली करा," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी शुक्रवार सांगितला होता. आलं शनिवारी. माझं चुकलंच."

"एका दिवसानं काय होतं, बाय?"

"एका दिवसानं लग्न होतं. आज झालं ना तुमच्या मुलाचं? आपण वाचलो ते बैल दमले म्हणून. हात जोडायचेच तर त्यांना जोडा."

हसू कोणाला आधी आलं ते आठवत नाही. बहुतेक यमुनाला. पदर तोंडात धरून ती हसली, मग हिराबाय, मग सगळं माजघर. वर छप्पर कुरकुरत होतं आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतो. व्याहीही हसला. मग भिजलेल्या उपरण्यानं तोंड पुसत, लहान पोरासारखा, म्हणाला, "मंग उद्याचा काय, बाय?"

मोठ्या बाईंनी छपरातून पडणाऱ्या धारेकडे पाहिलं. दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. बाहेर काहीही दिसत नव्हतं.

"उद्या ऊन," त्या म्हणाल्या.

आणि रविवारी सकाळी ऊन पडलं. असं स्वच्छ, पिवळं, की आदल्या दिवसाचं काही खरं वाटू नये. मिठागरांचे बांध लांबवर पसरले होते. हिराबाय आणि तिच्या विहिणीनं मिळून घरातलं सगळं ओलं बाहेर काढलं आणि त्या बांधांवर पसरलं : नवरीचा शालू, नवऱ्याचा फेटा, वऱ्हाडाची लुगडी, सतरंज्या, सनईवाल्याचा कोट, हसनमियाँचं फाटकं शीड. वाऱ्यानं ते उडू नये म्हणून यमुना कोपऱ्याकोपऱ्यावर दगड ठेवत फिरत होती. मोठ्या बाई एका बांधावर उभ्या होत्या, डोळ्यांवर हात धरून, आणि नवऱ्याचा बाप हातात शालूचा पदर घेऊन खालून त्यांना विचारत होता,

"बाय, आता उलटा करू का?"

"थांबा जरा," मोठ्या बाई म्हणाल्या. "ऊन अजून चढायचंय."